कुमारवयीन मुले व व्यसने : पालकांनी बोलावे कसे ?

आपल्या बहुतेक खेड्यांत दारूचा विषय घरात निघतो तो भांडणात. मुलाशी शांतपणे बोलताना तो निघत नाही. नाव काढले तर मुलाला नसते कुतूहल उत्पन्न होईल, अशी पालकांना धास्ती वाटते. वस्तुतः ते कुतूहल पानाच्या टपरीवर, लग्नाच्या वरातीत व जत्रेत आधीच उत्पन्न झालेले असते. घर मौन पाळते तेव्हा सवंगडीच मुलाचे गुरू होतात. म्हणून शिक्षकांनी पालकसभेत पुढील गोष्टी समजावून द्याव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग सुमारे पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. त्यामुळे कोवळ्या वयात सुरू केलेली नशा अधिक सहज जडते. सबब दहाव्या-अकराव्या वर्षापासूनच बोलावे. पण एकदाच लांबलचक उपदेश करू नये. शेताकडे जाताना अथवा चुलीपाशी बसले असता सहज काढलेले दोन शब्द अधिक काळ टिकतात.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. “तुझ्या वर्गातली मुले मावा खातात काय रे ?” असे विचारावे व उत्तर पुरते ऐकावे. उत्तर ऐकताच त्या मुलाच्या घरी तक्रार घेऊन धावल्यास आपला मुलगा पुन्हा तोंड उघडणार नाही.

तिसरी गोष्ट खरे बोलण्याची. “एकदा खाल्लेस तर मरशील” असे सांगितले आणि वीस वर्षे तंबाखू मळणारा काका मुलाला रोज दिसत असला, तर आईबापांच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो. सुपारी व गुटख्याने तोंड उघडणे कमी होत जाते, विडीने धावताना दम लागतो, तंबाखूने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, हे खरे तेवढेच सांगावे. नकार कसा द्यावा, हेही शिकवावे. “मला नको, घरी वास येतो,” एवढे साधे वाक्य ओठांवर असले तरी मुलाची अडचण टळते.

येथे एक अवघड प्रश्न पालक, विशेषतः माता, विचारतात : “बापच पितो, तर मुलाला कोणत्या तोंडाने सांगावे ?” अशा पित्याने लपवाछपवी न करता म्हणावे, “मला ही सवय जडली, आता सुटता सुटत नाही. तू हिच्या वाटेला जाऊ नकोस.” अशा कबुलीने पित्याचा मान कमी होत नाही, मुलाला मात्र व्यसनाचे खरे रूप कळते. तसेच तंबाखूची पुडी आणावयास मुलाला दुकानात कदापि पाठवू नये. २००३ च्या कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलास तंबाखूजन्य पदार्थ विकणे, तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या आत ते विकणे हा गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ प्रमाणे मुलास दारू, अमली पदार्थ अथवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मुलगा नशा करताना आढळलाच, तर त्याच क्षणी मारहाण करू नये. नशेत असता त्याला एकटे सोडू नये. तो जागा होत नसेल तर तत्काळ दवाखान्यात न्यावे. एरवी दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीवर असता, कधीपासून व कोणाबरोबर हे विचारावे. सवय जडली असल्यास तो आजार समजून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीविषयी निःशुल्क सल्ला मिळतो.

शेवटी शिक्षकांविषयी. पालकसभेत कोणाही मुलाचे अथवा त्याच्या वडिलांचे नाव घेऊ नये. पिणाऱ्याचे मूल वर्गात आधीच मान खाली घालून बसलेले असते. त्याची लाज वाढेल असा एक शब्दही उच्चारू नये. त्याला एकांतात बोलावून “तुझी यात काही चूक नाही” एवढे सांगावे. तसेच ज्या शिक्षकांच्या खिशात तंबाखूची डबी आहे, त्यांनी ती प्रथम दूर करावी. मुलांचे डोळे आपल्या शब्दांआधी आपल्या खिशाकडे जातात.