खट् आणि ठप् यांच्यामधले दोन मिलिमीटर

कीबोर्डची कळ दाबताना आवाज होतो असं आपण म्हणतो, पण बहुतेक कीबोर्डांत दाबण्याला आवाज नसतोच. आवाज असतो तो दोन टकरींचा. कळ तळाला जाऊन आदळते ती पहिली टक्कर. बोट उचलल्यावर स्प्रिंग किंवा रबर तिला वर फेकतं आणि ती वरच्या कडेवर आपटते ती दुसरी. पहिली आपल्या बोटाखाली होते, म्हणून लक्षात येते. दुसरी बोट निघून गेल्यावर होते आणि आपल्या हिशेबातच येत नाही. शेजारच्या माणसाला मात्र दोन्ही ऐकाव्या लागतात. चांगल्या यांत्रिक कीबोर्डात कळेचा पूर्ण प्रवास साधारण चार मिलिमीटरचा असतो आणि त्यातले दोन झाले की अक्षर संगणकाला पोचलेलं असतं. उरलेल्या दोन मिलिमीटरांत लेखनाचं काहीच काम होत नाही. बोटाने कळेला दिलेला वेग तिथे फक्त जिरवायचा असतो. शांत कीबोर्डला दहापट पैसे मोजायचेच असतील, तर ते या उरलेल्या दोन मिलिमीटरांसाठी मोजावेत, असं माझं म्हणणं आहे. कारण नुसती शांतता पाचसातशे रुपयांतही मिळते.

ती कशी मिळते ते आधी पाहू. बँकेत, कचेरीत, झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा काळा कीबोर्ड बहुधा मेंब्रेनचा असतो. विद्युतमार्ग छापलेले प्लास्टिकचे दोन पातळ थर, त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा भोकांचा तिसरा थर आणि प्रत्येक कळेखाली एक रबरी घुमट. घुमट कोसळून थर एकमेकांना टेकले की अक्षर उमटतं. रबर धक्का गिळतं, त्यामुळे आवाज कमी. पण गोम अशी की इथे अक्षर उमटण्याची जागा आणि कळेचा तळ जवळपास एकच असतो. तळ गाठल्याशिवाय अक्षर नाही, आणि तळ गाठल्यावर वेग जिरवायला जागा नाही. जो धक्का आवाजातून गेला नाही, तो बोटाच्या पेरात जातो.

यावर कुणी म्हणेल की माणसं तशीही प्रत्येक कळ तळापर्यंत हाणतातच. आक्षेप रास्त आहे. कळांखाली बलमापक बसवून 1990च्या दशकात केलेल्या मोजण्यांत हेच दिसलं: टंकन करणारे लागेल त्याच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहून जास्त बळ लावतात. पण त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. आदळणं टळणार नसेल, तर आदळण्याआधी किती जागा मिळते? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रॉबर्ट रॅडविन आणि जेंग यांनी नेमकं हेच तपासलं. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अक्षर नोंदल्यानंतरचा फुकट प्रवास शून्यावरून तीन मिलिमीटरवर नेला, तेव्हा बोटाने लावलेलं कमाल बळ सुमारे पाव हिश्शाने घटलं आणि वेग कमी झाला नाही, उलट किंचित वाढला. माणसाला बळ आवरायला शिकवण्यापेक्षा कळेला जागा देणं सोपं, हा त्याचा साधा अर्थ.

या जागेचा सर्वांत विचारपूर्वक वापर जपानच्या टोप्रे कंपनीच्या रिअलफोर्स कीबोर्डात दिसतो. मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणारी ही कंपनी. तिने हा कीबोर्ड 2001 साली बाजारात आणला. गंमत म्हणजे त्यातही रबरी घुमटच असतो. ‘दोनशे डॉलर रबरासाठी?’ असा शेरा त्यावर हमखास मारला जातो आणि वरवर तो बिनतोड वाटतो. पण इथे घुमटाचं काम फक्त बोटाला उत्तर देण्याचं आहे. अक्षर नोंदण्याचं काम त्याच्या पोटातली शंकूच्या आकाराची बारीक स्प्रिंग करते. ती दबत जाते तशी खालच्या पट्टीची विद्युतधारिता बदलते, आणि बदलाने ठरावीक मर्यादा ओलांडली की अक्षर गेलं. कशाला काही टेकावं लागत नाही. धातूचे संपर्क टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि ती थरथर गाळण्यासाठी कळेखालच्या साध्या स्विचला थांबावं लागतं, तीही भानगड इथे नाही. बोटाला जाणवणारा ‘आता सुटली’ हा ठसका प्रवासाच्या वरच्या भागात मिळतो, नोंद मध्यावर होते आणि तळ त्यानंतर येतो. तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या आहेत. स्वस्त कीबोर्डात त्या एकाच ठिकाणी कोंबलेल्या असतात. रबर तेच, पण त्याच्यावर टाकलेलं काम वेगळं.

एकदा या गोष्टी सुट्या झाल्या की आवाजाचा बंदोबस्त करता येतो. टक्कर जितकी अल्पकाळ टिकते, तितका तिचा आवाज तीक्ष्ण. कठीण प्लास्टिकवर कठीण प्लास्टिक आपटलं की वेग क्षणार्धात शून्य होतो आणि निघणाऱ्या आवाजात उंच कंपनं भरपूर असतात. आपला कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असल्याने ती नेमकी टोचतात. मध्ये मऊ पदार्थ घातला की टक्कर लांबते, बळाचं टोक बोथट होतं, उंच कंपनं गळतात आणि ‘खट्’चा ‘ठप्’ होतो. रिअलफोर्सच्या शांत आवृत्तीत कळेखालच्या सरकत्या दांड्यावर मऊ कडी असते, ती मुख्यतः परतीची टक्कर झेलते. खालच्या टकरीला रबरी घुमट आहेच. जर्मनीच्या चेरी कंपनीने आपल्या शांत स्विचच्या दांड्यातच मऊ भाग ओतून दोन्ही टोकं गादीवर घेतली. घरी कळांच्या टोप्यांखाली रबरी कड्या चढवून कीबोर्ड शांत करणारे हौशी लोक फक्त खालची टक्कर बुजवतात आणि मग अर्धा आवाज तसाच का राहिला म्हणून चक्रावतात.

या मऊपणाची किंमत असतेच. चेरीच्या शांत स्विचमध्ये मधला ठसका मुळातच नाही. वरून खालपर्यंत दाब एकसारखा वाढत जातो. तळाची कड मऊ केल्यावर बोटाला प्रवास संपल्याची खूणही पुसट मिळते आणि ओल्या वाळूत बोट रुतल्यासारखं वाटतं. ही तक्रार खरी आहे, नाजूकपणाची म्हणून ती उडवून लावू नये. ठसका नाही आणि तळही नाही, अशा कीबोर्डावर बोट चाचपडतं.

इथेच खडखडाटाच्या चाहत्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो: आवाज ही माहिती आहे. आयबीएमच्या 1985च्या मॉडेल एम कीबोर्डात स्प्रिंग वाकून एका बाजूला कोसळते आणि त्याच क्षणी ठसका, टक् आणि अक्षर तिन्ही होतात. टंकन करणाऱ्यांना प्रत्येक कळेबरोबर जादा टक् ऐकवली, तर ते बळ थोडं कमी लावतात, असंही प्रयोगांत आढळलं आहे. मग आवाज काढून आपण शहाणपणाच काढून घेतो का? मला तसं वाटत नाही, आणि त्याला आधार अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रंप यांच्या कामाचा आहे. ‘सायन्स’मध्ये 2010 साली आलेल्या त्यांच्या प्रयोगात पडदा खोटं बोलत असे. टंकन करणाऱ्याची चूक संगणक गुपचूप सुधारत असे आणि कधी बरोबर शब्दात स्वतः चूक घुसवत असे. माणसांनी पडद्यावर विश्वास ठेवला. घुसवलेल्या चुकांचा दोष आपल्याकडे घेतला, सुधारलेल्या शब्दांचं श्रेयही घेतलं. बोटं मात्र फसली नाहीत. खऱ्या चुकीनंतर ती क्षणभर मंदावत, खोट्या चुकीनंतर मंदावत नसत. त्याच दोघांच्या आणखी एका अभ्यासात कळांच्या टोप्या काढलेला, नुसता सपाट आणि टेबलावर लेझरने उमटवलेला असे कीबोर्ड देऊन पाहिले. स्पर्श गेला तशी सरावलेल्यांचीही गती घसरली. बोटांची ही आतली तपासणी मुख्यतः स्पर्शावर आणि हालचालीच्या जाणिवेवर चालते, असा निष्कर्ष मला यातून काढावासा वाटतो. टक् ही त्या ठसक्याची दुसरी प्रत आहे. मूळ प्रत शाबूत असेल तर दुसरी गेली तरी चालतं. मूळच पुसट असेल तर टक् उपयोगी पडते. शांत कीबोर्डाचा कस मूळ ठसका किती शाबूत राखला यावर लागतो.

फुल-साइझ, म्हणजे उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असलेल्या कीबोर्डात आणखी एक कटकट असते: लांब कळा. स्पेस, एंटर, बॅकस्पेस, दोन्ही शिफ्ट, शिवाय आकड्यांच्या भागातल्या शून्य, अधिक आणि एंटर. लांब कळ कडेला दाबली तरी सपाट खाली जावी म्हणून तिच्याखाली तारेचा स्टॅबिलायझर असतो, आणि तार खोबणीत सैल असेल तर ती खुळखुळते. बाकीच्या शंभर कळा कितीही मुक्या असोत, एक स्पेसबार सगळ्यांचा बोभाटा करतो. मराठीत हे जास्त जाणवेल. इन्स्क्रिप्ट मांडणीत महाप्राण व्यंजनं शिफ्टवर आहेत: ‘क’च्या कळेवर शिफ्टसह ‘ख’, ‘ब’वर ‘भ’, ‘द’वर ‘ध’. ‘श’, ‘ण’ आणि आपला ‘ळ’देखील शिफ्टवरच. ‘शाळा’ लिहायला चार अक्षरकळा आणि दोनदा शिफ्ट. इंग्रजीत शिफ्ट लागते ती वाक्याच्या किंवा नावाच्या आरंभी. मराठीत ती दर दोनचार शब्दांनी लागते, आणि तीही करंगळीने, म्हणजे सर्वांत अशक्त बोटाने. कीबोर्डांची परीक्षणं इंग्रजी टंकनावर बेतलेली असतात, त्यामुळे शिफ्टच्या खुळखुळीला त्यांत अर्धं वाक्य मिळतं.

शांत कीबोर्ड गुपितं राखतो, हा समज मात्र सोडून द्यावा. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 साली दहा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणावरून 96 टक्क्यांपर्यंत अक्षरं ओळखून दाखवली होती. 2023 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी शेजारी ठेवलेल्या फोनवरून एका लॅपटॉपच्या कळा 95 टक्के अचूक ओळखल्या, आणि लॅपटॉपचा कीबोर्ड काही गोंगाट करत नाही. यंत्राला टोचणारा आवाज लागत नाही, कळाकळांतला फरक पुरतो.

राहिला प्रश्न फुल-साइझ घ्यावा का याचा. दिवसभर आकडे भरणाऱ्याने आकड्यांचा भाग जरूर घ्यावा. इतरांनी मात्र विचार करावा, कारण तो भाग माउसला उजवीकडे ढकलतो आणि खांद्याला दिवसभर लांबवर पोचावं लागतं. हा तोटा कुठलीही मऊ कडी भरून काढत नाही. दुकानात गेल्यावर पाहायचं ते सोपं आहे. कोरी फाइल उघडून एक कळ अगदी सावकाश दाबत न्यावी. अक्षर उमटल्यावरही कळ खाली जात राहिली, तर वेग जिरवायला जागा आहे. मग बोट झटकन उचलून परतीचा आवाज ऐकावा. शेवटी स्पेसबार आणि डावी शिफ्ट मधोमध न दाबता कडेला दाबावी. विक्रेता दाखवताना नेमकी मधोमध दाबतो.