ढगळ कपड्यांचा सांगाडा

रहस्यपट म्हटला की अंधार, किंकाळ्या आणि पिस्तुले डोळ्यांपुढे येतात. १९३४ साली अमेरिकेत निघालेला ‘द थिन मॅन’, म्हणजे ‘रोडका माणूस’, हा बोलपट मात्र हसतखेळत चालतो. मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेट यांची. ते स्वतः काही काळ खासगी गुप्तहेर होते.

यातला गुप्तहेर निक चार्ल्स मोठा ऐटबाज. अंगात झकास सूट, ओठांवर थट्टा आणि हातात सदा मद्याचा पेला. (पेल्याचे अनुकरण नको!) हे काम विल्यम पॉवेल यांनी केले आहे. नोरा ही त्याची हजरजबाबी पत्नी झाली आहे मर्ना लॉय. सोबतीला ॲस्टा नावाचा कुत्रा.

एक रोडका संशोधक बेपत्ता होतो. मग त्याच्या सेक्रेटरीचा खून होतो आणि तिच्या हाती त्याच्या घड्याळाची साखळी सापडते. झाले! सगळे त्यालाच खुनी ठरवतात. दुसरा खून पडतो, तोही त्याच्याच नावावर. पुढे त्याच्या बंद कारखान्यात ॲस्टा जमीन हुंगतो आणि खाली सांगाडा निघतो. कपडे लठ्ठ माणसाचे. पोलीस म्हणतात, हा त्याचाच आणखी एक बळी.

निक मात्र कपडे सोडून हाडे पाहतो. पायाच्या हाडात जुन्या जखमेतला धातूचा तुकडा असतो. सांगाडा त्या रोडक्या संशोधकाचाच! ज्याला सारे खुनी म्हणत होते, तोच सर्वांआधी मारला गेला होता.

शेवटी निक सर्व संशयितांना जेवायला बोलावतो. वाढपी असतात वेष पालटलेले पोलीस. खरा खुनी कोण, ते चित्रपटातच पाहावे.

आपल्याकडेही विहिरीवरची मोटार चोरीला गेली, की पहिले नाव निघते ते गाव सोडून ऊसतोडीला गेलेल्याचे. जो हजर नाही, तो उत्तर देऊ शकत नाही. घरी त्याची बायकामुले मात्र लोकांचे बोलणे खात राहतात.

ऊस पिवळा पडला, की आपण युरियाचे पोते उघडतो. आधी बेट उपटून पाहावे. मुळाशी हुमणी निघाली, तर युरिया काय करणार? पिकाच्या बाबतीत चूक झाली तर एक हंगाम जातो. माणसाच्या बाबतीत झाली तर एका घराची अब्रू जाते. म्हणून आळ घेण्याआधी मूळ उकरून पाहावे.