आज पास झालेला माल ५० वर्षं टिकेल का?

रस्ता खोदून घरगुती गॅसचा पिवळा प्लास्टिक पाइप टाकताना तुम्ही पाहिलंच असेल. हा पॉलिइथिलीनचा पाइप. त्याची ताकद ठरवताना हिशोब धरतात ५० वर्षांचा. पण ५० वर्षं थांबून बघणार कोण?

तर युक्ती अशी. हा पाइप सहसा एकदम फुटत नाही. कुठे ओरखडा पडतो, कुठे दगड टोचतो आणि तिथून बारीक चीर वर्षानुवर्षं पुढे सरकते. म्हणून चाचणीत मुद्दाम कमजोर जागा तयार करतात. एका चाचणीत पाइपवर खाच पाडून, आत दाब देऊन तो ८० अंशांच्या पाण्यात ठेवतात. किमान ५०० तास टिकावा लागतो.

दुसरी चाचणी थकव्याची. तार सारखी वाकवली की तुटते ना, तेच तत्त्व! पाइपच्याच प्लास्टिकचा गोल दांडा घेतात, भोवती ब्लेडने खाच पाडतात आणि सेकंदाला १० वेळा ताणून सैल सोडतात. दिवसाला ८,६४,००० वेळा! कोणतं प्लास्टिक चिरेला जास्त दाद देत नाही, हे काही दिवसांत कळतं.

एवढी मेहनत कशाला? १९९४ साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावात गॅसचा स्फोट होऊन ६ जण गेले. पाइप १९७१ मध्ये टाकलेला. म्हणजे २३ वर्षं सगळं ठीक वाटत होतं! १९९८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सांगितलं की, त्या काळच्या बऱ्याच प्लास्टिक पाइपांची दीर्घकाळची ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली गेली असावी.

आता आपल्या कामाचं. पाइप टाकायचं काम घेणार असाल तर:

१. जाडीच्या १० टक्क्यांपेक्षा खोल ओरखडा दिसला, तर तेवढा तुकडा कापून टाका.
२. पाइप खडीवर टेकवू नका, खाली-वर बारीक वाळू टाका.
३. पाइपवर छापलेला बॅच नंबर वहीत लिहून ठेवा.

आणि धंदा पिशव्यांचा असला, तरी नियम हाच. पिशवीत वजन भरून एकदा उचलून बघू नका, हजार वेळा उचला. बंद आधी कुठे उसवतो ते बघा. तो दोष गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला सापडला पाहिजे.

तुमच्या मालाची कमजोर जागा कोणती? आजच वहीत लिहा!