लिंबू शेवटी

लांबच्या चुली, जवळची चव : भाग 11

आषाढाची झड लागली होती आणि पुतण्या बंगळूरहून चार दिवसांसाठी घरी आला होता. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "काकू, तुझ्या लेखमालेत हे घे ना. थाई पद्धतीचं आहे, दहा मिनिटांत होतं." बघितलं तर गोमांसाच्या पातळ पट्ट्या, लसूण, मिरची, लिंबाचा रस, सगळं मोठ्या आचेवर परतलेलं. आणि त्यानं सामानही आणून ठेवलं होतं: मॉलमधून दोन मोठी, जाड सालीची, पिवळीधमक परदेशी लिंबं. "यात लाईम लिहिलंय, पण ते काही मिळालं नाही. लेमन आणलं. आपलं लिंबू म्हणजे लेमनच ना?"

नाही. आणि या गैरसमजापायी कितीतरी घरांत हा पदार्थ फसतो, म्हणून आधी तेवढंच सांगते. थाई लोक ज्याला 'मनाओ' म्हणतात, ते आपलं कागदी लिंबू. पातळ सालीचं, गोल, रसाळ, आणि बोटांनी चिरडलं की नाकाला झोंबणाऱ्या वासाचं. इंग्रजीत त्याला लाईम म्हणतात. लेमन हे वेगळं फळ. आपण शाळेत लेमन म्हणजे लिंबू असं पाठ केलं आणि तेच डोक्यात बसलं. परभणीच्या विद्यापीठाचं 'प्रमालिनी' आणि 'विक्रम', राहुरीचं 'साई शरबती', ही सगळी कागदी लिंबाचीच वाणं. इथे रायपूरच्या शास्त्री बाजारात पसरा मांडून बसलेली बाई ज्याला 'लिमऊ' म्हणते, तेही तेच. बँकॉकचा स्वयंपाकी जे फळ हातात घेतो ते आपल्या वरणभाताच्या ताटात रोज असतं. मॉलमध्ये जायचं काहीच कारण नव्हतं.

आता मांस. छत्तीसगडच्या 2004 च्या कृषिक पशू परिरक्षण कायद्यात गाय, बैल, वासरू यांच्याबरोबर म्हैस आणि रेडाही येतात. त्यांच्या कत्तलीवर आणि मांस बाळगण्यावर बंदी आहे. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंशाला बंदी आहे, म्हशीला नाही. म्हणजे पुण्या-मुंबईच्या वाचकाचं उत्तर वेगळं, गोव्यातल्या वाचकाचं त्याहून वेगळं. रायपूरच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ बोकडाच्या मांसाचा करायचा. यात मूळ पदार्थाशी काही प्रतारणा होत नाही. खुद्द थायलंडमध्ये कुआन इम देवीचे, म्हणजे अवलोकितेश्वराच्या स्त्रीरूपाचे, अनेक भक्त गोमांस खात नाहीत. त्यांच्या घरी अशा परतलेल्या पदार्थांत कोंबडीचं किंवा डुकराचं मांस पडतं. परतायची ही रीतसुद्धा तिकडे चिनी स्थलांतरितांबरोबर, त्यांच्या लोखंडी कढईबरोबर गेली. पाककृती घराप्रमाणे बदलते आणि तरीही आपली राहते, हे त्यांनीच दाखवून दिलं आहे.

पण बोकडाचं मांस म्हटलं की आपल्या हाताला एकच सवय. नागपूर-वऱ्हाडाकडून इकडे आलेल्या आपल्या घरांत मटण म्हणजे वाटण, तर्री, कुकरच्या शिट्ट्या. हाडासकट तुकडे, सावकाश शिजणं. इथे कढईत मांस मिनिट-दोन मिनिटंच राहणार. त्यामुळे खाटकापाशी उभं राहतानाच वेगळा विचार करावा लागतो. 'मिक्स' मागू नका. कोवळ्या बोकडाच्या पाठीच्या कण्यालगत दोन्ही बाजूंना मांसाची लांब पट्टी असते, ती सगळ्यांत मऊ. ती मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर रानेचं बिनहाडाचं मांस, पाव किलो.

रानेत एक अडचण असते. ती एकसंध नसते. चार-पाच स्नायू पांढऱ्या पडद्यांनी एकमेकांना चिकटलेले असतात आणि प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेला धावतात. सरसकट कापलं तर अर्धे तुकडे मऊ होतात, अर्धे चिवट. आधी बोटांनी पडद्याच्या फटीतून स्नायू सुटे करा, पडदा सुरीनं सोलून टाका, मग प्रत्येक तुकडा हातात घेऊन धागे कुठे जातात ते बघा आणि त्यांना आडवं कापा. लांब धागा चावायला दातांना कष्ट पडतात. आडवा कापला की तो सुरीनंच तोडलेला असतो. मांस फ्रीजरमध्ये पाऊण तास ठेवून थोडं कडक केलं तर दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या सहज निघतात. एवढं मनापासून केलंत तर निम्मा स्वयंपाक झाला असं समजा.

मऊ करायला आपल्याकडे कच्ची पपई लावतात. इतक्या पातळ पट्ट्यांना ती लावायला मला भीती वाटते. जरा वेळ चुकला की मांसाचा पिठूळ गोळा होतो. त्यापेक्षा चिनी रीत बरी. पाव किलोला पाव छोटा चमचा खायचा सोडा, चमचाभर पाण्यात कालवून चोळायचा आणि पंधरा मिनिटं ठेवायचा. मग मांस धुऊन, फडक्यावर टिपून घ्यायचं. सोड्यामुळे मांसाच्या पृष्ठभागावरचं आम्ल कमी होतं, प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, पाणी आत टिकतं. शिवाय अशा मांसाला तांबूस रंग लवकर चढतो.

नेमकं याच्या उलट काम लिंबू करतं. आणि आपली सवय काय? मटण आणलं, धुतलं, की लगेच हळद, मीठ आणि लिंबू पिळून चोळायचं. रश्श्याला ते चालतं. इथे ते घात करतं. मांस आणि साखर उष्णतेनं तांबूस होतात, त्यांना भाजल्याचा खमंग वास येतो, ती रासायनिक क्रिया आम्लात मंदावते. लिंबू लावलेलं मांस कढईत टाकलं की ते करडं राहतं. रस उकळला तर त्याचा वासही उडून जातो. ज्या सुगंधी द्रव्यांमुळे लिंबू लिंबासारखं लागतं, ती हलकी असतात, वाफेबरोबर निघून जातात. मागे उरतो नुसता आंबटपणा आणि त्याला हळूहळू चढणारा कडवटपणा. तिसरी गोष्ट कढईची. लोखंडाच्या तापल्या कढईत आंबट पडलं की लोखंड उतरतं, पदार्थ काळवंडतो, जिभेला गंजासारखी चव लागते.

म्हणून लिंबू शेवटी. गॅस बंद केल्यावर, आणि तेही कढईत नाही, वाढायच्या भांड्यात. आपल्याला हे अनोळखी मुळीच नाही. कांदेपोहे गॅसवर असताना कोणी लिंबू पिळत नाही. बशीत वाढल्यावर फोड ठेवतात. वरणभाताचंही तेच. थायलंडमध्येही आंबट सारात, सॅलडमध्ये लिंबू आचेवरून उतरवल्यावरच पडतं. हा पदार्थ करताना पोह्यांचा हात आठवायचा, मटणाचा विसरायचा.

आता आच. गेल्या आठवड्यात लोखंडी कढई कशी तापवायची ते लिहिलं होतं, तेव्हा एका वाचक भगिनीनं विचारलं होतं की मांस टाकल्याबरोबर सगळीकडे पाणी का सुटतं. थोडं गणित करू. मांसाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी. पाव किलो मांसातून पन्नास ग्रॅम पाणी जरी सुटलं, तरी ते वाफ होऊन उडायला एकशे दहा किलोज्यूलच्या वर उष्णता लागते. घरच्या शेगडीची मोठी आच अडीच किलोवॉटच्या आसपास असते, आणि त्यातला तिसरा हिस्सा कढईच्या बाजूनं निसटतो. म्हणजे नुसतं ते पाणी उडायला मिनिटभराहून जास्त वेळ. तोपर्यंत कढईचा तळ शंभर अंशांच्या पुढे जात नाही. मांसाला रंग यायला मात्र एकशे चाळीसच्या पुढे जावं लागतं. ते मिनिटभर मांस आपल्याच पाण्यात उकडतं आणि चामड्यासारखं होतं. हॉटेलातल्या भट्टीची आच कितीतरी मोठी, तिथे हा प्रश्न येत नाही. आपल्याला तो वेगळ्या रीतीनं सोडवायचा: पाव किलोचे दोन घाणे काढायचे. एका वेळी सव्वाशे ग्रॅम, एकच थर, आणि टाकल्यावर पाऊण मिनिट त्याला हात लावायचा नाही. हा संयम अवघड जातो, कारण परतणं म्हणजे सतत हलवणं असं आपण समजतो.

मसाल्यात तीन गोष्टी खलबत्त्यात कुटायच्या: लसणाच्या आठ पाकळ्या, मिऱ्याचे दहा दाणे आणि कोथिंबिरीची मुळं. हो, मुळं. थाई स्वयंपाकात या तिघांना 'तीन मित्र' म्हणतात. आपण मुळं कापून टाकतो आणि त्यांच्याबरोबर मातीच्या वासाची एक खोल चव फेकून देतो. भाजीवालीकडून मुळांसकट जुडी मागून घ्या, मुळं चार पाण्यांनी धुवा, बारीक चिरा. मिरची लवंगीच घ्या, चार-पाच. मिरची मूळची अमेरिकेची; पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर ती पूर्वेकडे आली. ज्या आल्बुकेर्कनं 1510 मध्ये गोवा घेतला, त्यानंच पुढच्या वर्षी मलाक्का घेऊन सयामच्या दरबारी, अयुथयेला दूत पाठवला. कोकणातल्या आणि थायलंडच्या तिखटाचा वाटाड्या एकच होता.

खारटपणासाठी ते माशाचं 'नाम प्ला' वापरतात, बारीक मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. ते ऑनलाईन मिळतं. बाटली उघडल्यावर वास उग्र येतो, पण तापल्या कढईत तो विरतो आणि मागे नुसता गोडवा राहतो. ज्यांना नकोच, त्यांनी सोया सॉस वाढवावा. ताडाच्या गुळाऐवजी आपला गूळ, एक छोटा चमचा, किसून.

राहिली पानं. थायलंडमध्ये मिरची-लसणाच्या मांसात जी 'क्रफाओ' नावाची पानं घालतात, ती तुळशीची. हे वाचून अनेकांना धक्का बसेल, मलाही बसला होता. त्यांच्या देशात ती स्वयंपाकाची पालेभाजी आहे. माझ्या अंगणात ती वृंदावनात आहे, तिला मी रोज पाणी घालते. तिची पानं मांसात पडणार नाहीत, आणि याबद्दल मला कोणाशी वाद घालायचा नाही. पण त्यांचीच दुसरी एक पानं आहेत, 'होराफा', बडीशेपेच्या वासाची. ती आपल्या सब्जाच्या जातीतली. फालुद्यात घालतो तेच सब्जाचं बी, गोलबाजारातल्या किराणा दुकानातून आणून कुंडीत पेरा. आठवडाभरात उगवतं, दीड महिन्यात पानं तोडता येतात. वास होराफाइतका गडद नसतो, पण घराणं तेच.

आता कृती, जी लिहायला वेळ लागतो आणि करायला लागत नाही. सोडा लावून धुतलेल्या, कोरड्या मांसाला एक मोठा चमचा सोया सॉस आणि छोटा चमचा कॉर्नफ्लोर चोळून ठेवा. भात आधी करून घ्या, कारण नंतर वेळ नाही. सगळं चिरलेलं, कुटलेलं, मोजलेलं शेगडीशेजारी हाताशी हवं. कढई रिकामीच मोठ्या आचेवर तीन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो मोत्यासारखा पळाला पाहिजे. दोन चमचे रिफाईंड शेंगदाणा तेल. अर्धं मांस पसरा. पाऊण मिनिट थांबा, उलटा, आणखी अर्धं मिनिट, काढून घ्या. कढई पुन्हा तापू द्या, दुसरा घाणा. मग चमचाभर तेलात कुटलेला मसाला आणि मिरच्या. वीस सेकंदांत ठसका लागेल, खिडकी उघडी ठेवा. एका कांद्याच्या जाड फोडी अर्धं मिनिट. मांस परत आत, त्यावर मोठा चमचा नाम प्ला आणि गूळ. दोनदा हलवा आणि गॅस बंद. लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ओता, दीड लिंबाचा रस पिळा, मूठभर सब्जाची पानं घालून कालवा. आधी एकाच लिंबाचा घालून चाखा. पावसाळ्यातलं लिंबू रसाळ असतं. खारट, गोड, तिखट आणि आंबट यांत आंबट सगळ्यांत पुढे हवं, पण गुळाची आठवण राहिली पाहिजे.

श्रावण तोंडावर आला आहे, तेव्हा मांस न खाणाऱ्यांसाठी आणि श्रावण पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते. या दिवसांत रायपूरच्या बाजारात 'पैरा फुटू' येतो. छत्तीसगढीत पैरा म्हणजे भाताचा पेंढा, फुटू म्हणजे अळिंबी. थायलंडमध्ये हीच अळिंबी 'हेत फांग' नावानं विकतात. हेत म्हणजे अळिंबी, फांग म्हणजे पेंढा. दोन भातखाऊ मुलुखांनी एकमेकांना न विचारता तिला एकच नाव ठेवलं. ती फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत तिचं पाणी पाणी होतं. आणली त्याच दिवशी करा. उभे दोन भाग करा, सोडा आणि कॉर्नफ्लोर दोन्ही वगळा, नाम प्लाऐवजी सोया सॉस घ्या, बाकी कृती तीच. घाणे मात्र तीन काढा, फुटूला मांसाहून जास्त पाणी सुटतं.

पुतण्याच्या त्या पिवळ्या लिंबांचं सरबत केलं. जेवताना त्यानं दुबराजच्या भातावर मटण घेतलं, वरून कागदी लिंबाची आणखी एक फोड पिळली आणि म्हणाला, "काकू, वास तर पोह्यांवरच्या लिंबाचाच आहे की." मी त्याच्या पानात आणखी भात वाढला. पुढच्या आठवड्यात त्या भाताबद्दल, आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठात जपून ठेवलेल्या हजारो देशी धानांबद्दल लिहीन.