फुलांच्या अर्काने दमसास वाढतो का?

अर्क कसा निघतो

फुलं सावलीत वाळवतात, भरड दळतात, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून गाळतात आणि आटवतात. द्रावक बदलला की अर्कात उतरणारी द्रव्यंही बदलतात. त्यामुळे जास्वंदीचा पाण्यातला अर्क आणि अल्कोहोलमधला अर्क वेगवेगळे तपासावे लागतात.

उंदीर किती वेळ पोहतो

पहिली कसोटी बहुधा उंदरांवर होते, आणि त्यासाठी आचारसमितीची परवानगी लागते. काही दिवस अर्क पाजून उंदराच्या शेपटीला त्याच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भार बांधतात आणि त्याला पाण्यात सोडतात. भार नसला तर तो नुसता तरंगतो. दमून बुडू लागला की बाहेर काढतात. तोवरचा वेळ मोजतात. अर्क न दिलेल्या उंदरांशी त्याची तुलना होते.

नुसत्या वेळेवर मात्र भरवसा ठेवू नये. उत्तेजित झालेला उंदीरही जास्त हातपाय मारतो. भार न बांधता घेतलेली अशीच पोहण्याची चाचणी १९७७ पासून नैराश्यावरच्या औषधांसाठी वापरात आहे! म्हणून श्रमाने रक्तात वाढणारं लॅक्टेट आणि युरिया, आणि यकृतातला व स्नायूंतला साखरेचा साठा म्हणजे ग्लायकोजेन तपासतात. श्रमानंतर लॅक्टेट कमी साठलं आणि ग्लायकोजेन शिल्लक राहिलं, तर दाव्यात दम आहे.

साखरेचा चकवा

मोहाच्या सुक्या फुलांत भरपूर साखर असते. या फुलांच्या अर्काने उंदीर जास्त पोहला, तर श्रेय औषधी गुणाचं की साखरेचं? तेवढंच साखरपाणी दिलेला तिसरा गट हवाच. तो नसेल तर असा निष्कर्ष मला मान्य नाही.

माणसाची पाळी

उंदराची मात्रा माणसासाठी काढताना प्रतिकिलो आकड्याला साधारण १२ ने भागतात. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिलं असेल, तर ६० किलोच्या माणसाला सुमारे १ ग्रॅम अर्क. हा फक्त अंदाज. खरी परीक्षा ट्रेडमिलवर होते: निम्म्यांना अर्क, निम्म्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय औषध, आणि कोणाला काय दिलं हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, मोजणाऱ्यालाही नाही.

सुरक्षिततेची तपासणी वेगळी. जास्वंदीच्या फुलांच्या अर्काने मादी उंदरांची गर्भधारणा रोखली गेल्याचे प्रयोग भारतातच झाले आहेत. नैसर्गिक म्हणून निर्धोक, असं धरून चालू नका.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे धावणाऱ्यांनो, टॉनिकची बाटली घेण्याआधी विक्रेत्याला माणसांवरच्या चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा. ही नोंदणी भारतात २००९ पासून बंधनकारक आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते.