पुढे धाडलेली पत्रे आणि सर्व्हरची पत

समजा, एका शाळेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. शिक्षकांना शाळेच्या नावाचे पत्ते दिले आहेत. पण सारे जण आपली ई-मेल जीमेलवर वाचतात. म्हणून शाळेच्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र सर्व्हर आपोआप जीमेलकडे पुढे धाडतो. काही महिन्यांनी तक्रार येते, की शाळेने पालकांना पाठवलेली परीक्षेची सूचना 'स्पॅम'च्या कप्प्यात सापडली. शाळेने तर एकही जाहिरात पाठवलेली नाही. मग असे का व्हावे?

ई-मेल वाहून नेण्याचे मूळ नियम १९८२ साली ठरले. त्यांत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नव्हती. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे! मात्र पत्र घेऊन प्रत्यक्ष दारात आलेल्या यंत्राचा आयपी पत्ता घेणाऱ्या सर्व्हरला दिसतोच. त्या पत्त्याच्या नावे तो जणू एक खाते उघडतो. येथून किती पत्रे आली, किती वाचकांनी 'स्पॅम' म्हणून तक्रार केली, यावरून त्या पत्त्याची पत ठरते.

आता आपल्या शाळेकडे वळू. लॉटरीची फसवी पत्रेही तिचा सर्व्हर पुढे धाडतो. शिक्षक 'स्पॅम'चे बटण दाबतात आणि तक्रार जमा होते शाळेच्या खात्यावर. मुळात शाळेची पत्रे थोडी. त्यामुळे मोजक्या तक्रारींनीही प्रमाण चटकन वाढते. गूगलने २०२४ पासून हे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली, म्हणजे हजारात तिनाहून कमी ठेवण्यास सांगितले आहे.

खऱ्या पत्रांचीही अडचण होते. 'एसपीएफ' या पद्धतीत बँकेसारखी संस्था आपली पत्रे कोणत्या आयपी पत्त्यांवरून निघतील, याची यादी जाहीर करते. शाळेने पुढे धाडलेल्या पत्राच्या पाकिटावर नाव बँकेचे, पण आणणारा शाळेचा सर्व्हर. तो यादीत नसल्याने पत्र या तपासणीत नापास होते. 'डीकेआयएम' ही डिजिटल सही मात्र पत्रासोबतच जाते आणि सही केलेल्या मजकुरात बदल न केल्यास टिकते. म्हणून पुढे धाडताना विषयात किंवा मजकुरात काही जोडू नये.

पाकिटावर शाळेचेच नाव घालण्याची 'एसआरएस' नावाची युक्तीही आहे. तिने एसपीएफची तपासणी पार पडते. पण पत्र स्पॅम निघाल्यास दोष शाळेच्या नावावरच येतो. तेव्हा आधी गाळणी, मग पाठवणी, हे उत्तम. त्याहून बरे म्हणजे पत्रे शाळेच्याच पेटीत ठेवून तेथेच वाचावीत.

वर्गात हे करून पाहा. एका विद्यार्थ्याला इतरांच्या चिठ्ठ्या वाटायला सांगा. त्रासदायक चिठ्ठ्यांचा हिशेब मात्र आणणाऱ्याच्या नावे ठेवा. त्याने स्वतः लिहिलेल्या चिठ्ठीवर किती जण विश्वास ठेवतात?