मतदानाच्या दुसऱ्या दिवशी

रायगड लोकसभा मतदारसंघात ७ मे २०२४ रोजी मतदान झाले, त्या वेळी ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांस घरबसल्या मत देण्याची मुभा होती. मतदानकेंद्रे अपंगांस सुगम असावीत, असे तर २०१६ चा कायदाच सांगतो. मतापुरती ही आस्था स्वागतार्ह खरी. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे.

राजपुरीहून जंजिऱ्याकडे निघणाऱ्या शिडाच्या होडीत चढताना धडधाकट माणसालाही तोल सांभाळावा लागतो. भरती-ओहोटीगणिक होडी खालीवर होते. कुबडीवर चालणाऱ्याने किंवा चाकांच्या खुर्चीतल्या प्रवाशाने काय करावे? मांडव्याला मार्च २०२० मध्ये रो-रो सेवा सुरू झाली आणि मोटारी थेट बोटीत शिरू लागल्या. मोटारीसाठी जे साधले, ते माणसासाठी साधू नये काय?

जुन्या सार्वजनिक इमारती, नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे बंधन त्याच कायद्याने घातले. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत जून २०२२ मध्येच सरली. या काळात 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले, एवढे मात्र खरे! उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, खटले, शिक्षण सारे असते. या सरलेल्या मुदतीविषयी त्याची भूमिका काय, हे त्याला कोठेच लिहावे लागत नाही. ते सभेतच विचारावे लागते. तीनचाकी सायकलींचे वाटप हे त्याचे उत्तर नव्हे. कचेरी, एस.टी. स्थानक आणि बंदराचा धक्का, यांसाठी किती निधी आणि कोणत्या वर्षी, एवढेच त्याने सांगावे.